आबा रोपावर पाय देईनात

सोमवारी आबांना घेऊन कर्जतला गेले होते, व्यायामाच्या दवाखान्यात. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना कंपवात हाय, पार्किन्सन म्हणतात तो. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं, पण खरा त्रास पायांचा हाय. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि माणूस पुढं झुकतो...

आता माझी भीती सांगते. माझी स्वरा साडेतीन वर्षांची हाय. तिला अंगणवाडीत सोडायला आबांना जायचं असतं आणि मी नाय म्हणते. आमच्या पोशीर गावच्या रस्त्यानं डंपर जातात. मधेच पाय अडकले, पडले, पोरीचा हात सुटला तर?

नवरा खोपोलीला कंपनीत, पहाटेच जातो. मग पोरीला मीच नेते आणि आबा ओटीवर बसून बघत राहतात. मला वाईट वाटतं, पण आईचा जीव हाय... काय करू.

दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या मॅडम हायत. त्या आबांच्या डोळ्यावर एक मोठा चष्मा बांधतात, डब्यासारखा. आत बघितलं की आपण दुसरीकडंच असल्यासारखं वाटतं. आबांना जे दिसतं ते समोर टीव्हीवर आपल्याला पण दिसतं. पडू नये म्हणून कमरेला पट्टा असतो, तो मॅडम मागनं धरून असतात.

पहिल्यांदा बांधला तेव्हा आबा बोलले, "घाण्याच्या बैलासारखी झापडं लावलीस गं मला!" आता सवय झालीय. खुर्चीत बसून फुगे फोडतात, हात लांब करून झाडावरची फळं काढतात... सगळं त्या चष्म्यातच.

सोमवारी मॅडमनी नवीन लावलं. उभं राहून चालायचं. समोर हिरवे हिरवे पट्टे, एकेका पट्ट्यावर पाय टाकत पुढं जायचं.

आबा उभे राहिले... आणि उभेच राहिले.

"आजोबा, पाय उचला. एक, दोन... एक, दोन..." मॅडमनी पायानं ठेका पण धरला. काय नाय. मग मला हळूच बोलल्या, "पाय अडकलेत त्यांचे."

इथं सपाट लादीवर, धरलेलं असताना असं होतंय, तर रस्त्यावर काय होईल? मी मनात ठरवूनच टाकलं, पोरीला यांच्याबरोबर कधीच पाठवायचं नाय.

तेवढ्यात आबा खेकसले, "अगं एक दोन काय करतेस? रोपावर पाय देऊ काय?"

मी टीव्हीकडं नीट बघितलं. त्या हिरव्या पट्ट्यांवर बारीक पाती होती, वाऱ्यावर हलत होती. लावणीच्या आधी भाताची रोपं असतात ना, अगदी तशी. आमच्याकडं रोपात कोण पाय देत नाय. लहान पोरगं घुसलं तरी मार खातं. पाय अडकले नव्हतेच... आबा आपणहून थांबले होते!

मॅडम हसायलाच लागल्या. मी म्हटलं, "आबा, कडंनं मातीचा बांध हाय बघा. बांधावरनं चला."

"मग आधी नाय सांगायचं?" असं बोलले आणि निघाले की! टाच टेकवत, मोठं पाऊल टाकत, शेवटपर्यंत गेले. मधे कुठं थांबले नाय.

मॅडम म्हणाल्या, पाय पुढंही अडकतील, आजार हाय तो, गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवायचा. पण अडकले की घाबरायचं नाय. समोर बांध हाय असं मनात आणायचं आणि मोठं पाऊल टाकायचं.

निघताना आबांनीच विचारलं, माझ्याकडं न बघता, "नातीला अंगणवाडीत नेऊ का?"

"कडेवर घ्यायचं नाही, हात धरून न्या. रस्त्याच्या आतल्या बाजूनं. आणि ताई, सुरुवातीला तुम्ही मागे राहा," मॅडम बोलल्या. मी हो म्हटलं... दुसरं काय करणार.

मंगळवारी मी मागनं चालत होते. वाटेतल्या दुकानापाशी डंपर आला, गेला, आणि आबांचे पाय थांबले ते थांबलेच. स्वरा हात ओढत होती, "आबा, चला ना!" मी पळत त्यांच्याकडं जाणारच होते.

"दम धर गं, बांध येऊ दे," आबा तिला बोलले. जरा थांबले, मोठं पाऊल टाकलं आणि निघाले. पोरगी पण तसंच मोठं पाऊल टाकत बाजूनं.

आज मी दुकानापर्यंतच गेले. तिथनं अंगणवाडीचं दार दिसतं. आबांनी पोरगी बाईंच्या हातात दिली, सावकाश वळले आणि मला बघून लांबनंच ओरडले, "तू कशाला आलीस गं? तव्यावर भाकरी टाकून आलीस काय?"

मॅडमचे उपकार मानते. भीती अजून हाय, ती एवढ्यात जाणार नाय. पण उद्या मी घरच्या दारातनंच बघणार हाय.