आर्डिसला गॅरेजवर माळा हवा होता

वर्लिन टॉर्गर्सनने एकोणचाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. पश्चिम विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमधल्या सव्वीस गोठ्यांचं दूध गोळा करायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. कंबरेएवढं बर्फ पडलं तरी त्याने एक गोठा कधी चुकवला नाही. कुणाच्या अंगणात गाडी कशी मागे घ्यायची, कुणाचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुणाचं खरंच चावतं, सगळं तोंडपाठ. माणसांचं मात्र त्याला तसं उमगत नसे. सरळ सांगितलं तर कळायचं, आडून सांगितलं की संपलंच.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मार्चमधल्या एका सकाळी अंडी ताटलीत वाढता वाढता त्याची बायको आर्डिस म्हणाली, "गॅरेजवर मजला चढवू या. गोठ्यासारख्या छपराचा."

"कशाला?"

"हवाय मला," ती म्हणाली आणि तवा घासायला वळली.

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात आर्डिसने तोंडाने मागितलेली ही दुसरी वस्तू. पहिली कपडे धुण्याचं मशीन होती, आणि ते कशाला हे विचारावं लागलं नव्हतं. वर्लिनने पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या घरात तीच गोष्ट दोनदा विचारायची रीत नव्हती.

त्याने ईनोस बोर्नट्रेगरला बोलावलं. ईनोस आमिश पंथाचा सुतार, दाढी छातीपर्यंत आणि बोलणं मोजकं. त्याने गॅरेजच्या कोपऱ्यात पाया उकरून पाहिला आणि हात झटकले.

"उथळ आहे. दोन गाड्यांवर साधं छप्पर, एवढाच हिशेब धरलेला दिसतो. खालून बळकट करावा लागेल. वर काय राहणार, गवत का माणसं? त्यावर तुळया किती जाड घ्यायच्या ते ठरतं."

"थांबा, विचारून येतो," वर्लिन म्हणाला.

आर्डिस रुबार्बचे आंबट देठ चिरत होती. "दोन्ही पेलेल असं करा म्हणावं," ती म्हणाली.

तो निरोप घेऊन वर्लिन परत आला. ईनोसने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या आठवड्यात परवानगीच्या अर्जावर 'वापर' असा रकाना आला. वर्लिनने बराच विचार करून लिहिलं, 'बायकोला हवाय'. कचेरीतली बाई हसली नाही. "राहणं, काम किंवा सामान, यातलं एक लिहा," ती म्हणाली. त्याने 'सामान' लिहिलं आणि आपण खोटं बोललो की खरं, या विचारातच घरी आला.

मग त्याला वाटलं, जोलीन कायमची घरी येत असेल. मुलगी मिनियापोलिसला होती आणि तिचं नवऱ्याशी पटत नसल्याचं कानावर होतं. त्याने तिला फोन केला.

"मी कशाला येऊ? आमचं बरं चाललंय," जोलीन म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, तुझं आणि आईचं ठीक आहे ना?"

"ठीकच आहे."

"मग एकाच अंगणात दुसरं घर कशाला बांधताय?"

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती. तिथे मार्व्हेल हौगन हातात केकची ताटली घेऊन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. मार्व्हेलच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"काय वर्लिन, गॅरेजवर बिऱ्हाड हलवतोयस म्हणे! आर्डिसने शेवटी हाकललंच का तुला?"

सगळे हसले. वर्लिनही हसला, पण गाडीत बसल्यावर त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. हे आपल्याला कसं सुचलं नाही? दोन वर्षं आपण दिवसभर तिच्या पायात पायात येतोय. मसाल्याच्या बाटल्या आपण अक्षरांच्या क्रमाने लावल्या. गाडी मागे कशी घ्यायची तेसुद्धा तिला शिकवलं, तेही तीनदा. तिच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं. त्याला राग आला नाही. वाईट वाटलं, पण तिने वर छप्पर तरी दिलंय, ही चांगुलपणाचीच गोष्ट, असंही त्याला वाटलं.

मग तो स्वतः बांधकामात शिरला. आपल्याला तिथे राहायचंय तर नीट राहू. "पायऱ्या ठेंगण्या करा, माझा गुडघा दुखतो," त्याने ईनोसला सांगितलं. आर्डिसने पूर्वेला खिडकी सांगितली होती. त्याने रस्त्याकडे आणखी एक काढायला लावली, दुधाच्या गाड्या जाताना दिसाव्यात म्हणून. कोपऱ्यात शेगडीपुरती जागा आणि वीज घेऊन ठेवली.

आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती, आणि दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलणं उरलं नाही. वर्लिनने मनाशी म्हटलं, ठरलंय तिचं.

जूनमध्ये जुनं छप्पर उतरवून नव्या तुळयांवर फळ्या ठोकल्या, आणि एका गुरुवारी छपराच्या चौकटी उभ्या राहिल्या. दोन्ही अंगांना आधी भिंतीसारखा उभा उतार, मग वर निवांत वळण घेऊन आढ्याला टेकणारा. ईनोसची माणसं मेपलखाली जेवायला बसली. वर्लिन वर एकटाच उभा होता, तेवढ्यात आर्डिस जिना चढून आली. चौकटींमधून आभाळ दिसत होतं. तिने पायऱ्यांकडे पाहिलं, मग रस्त्याकडच्या खिडकीच्या जागेकडे.

"केव्हापासून राहणार आहेस इथे?" तिने विचारलं.

"तू सांगशील तेव्हापासून."

"मी सांगेन? मी काय सांगायचं त्यात?"

"अगं, तूच तर मला इथे पाठवतेयस!"

"मी? शेगडीसाठी जागा कोणी काढायला लावली?"

"उपाशी राहू का मग?"

आर्डिसला हसू फुटलं, आणि ते इतकं अनावर झालं की ती फळ्यांवर बसलीच. डोळे पुसत म्हणाली, "अरे वेड्या, तुला माझा वीट आला म्हणून तू इथे राहायला निघालास, असं वाटून मी महिनाभर झुरतेय!"

वर्लिनही बसला. गुडघा कडकन वाजला. "मग हा मजला कुणासाठी?"

तिने पूर्वेकडे बोट दाखवलं. तिकडे पूर्वी त्यांचा गोठा होता. वर्लिनचे वडील गेल्यावर गाई विकल्या, मग जमीन आणि गोठाही शेजाऱ्याला गेला. गेल्या वसंतात शेजाऱ्याने गोठा उतरवला आणि जुन्या फळ्या शहरातल्या कुठल्याशा हॉटेलवाल्यांनी नेल्या. आता तिथे नुसतं सपाट गवत होतं.

"सकाळचं दूध काढून झालं की मी गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर जायचे," आर्डिस म्हणाली. "दहा मिनिटं. रोज. तू तेव्हा गाडीवर असायचास."

"गाईंना गवत टाकायला जायचीस ना?"

"गवत तुझे वडील टाकायचे. मी बसायचे."

"बसून काय करायचीस?"

"बसायचे रे."

"म्हणजे विचार करायचीस?"

"नाही."

"प्रार्थना?"

"नाही रे बाबा. ते चर्चमध्ये."

वर्लिनने टोपी काढून डोकं खाजवलं. बावीस वर्षं त्याच्या बापाने आणि बायकोने मिळून गाई सांभाळल्या, आणि त्या घरात रोज सकाळी असं काही चाललेलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बापालाही माहीत असणार. म्हाताऱ्याने कधी अवाक्षर काढलं नाही.

"मग मार्चमध्येच असं का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? मला काही न करायला जागा हवी, असं? तूच मला वेड्यात काढलं असतंस."

काढलं असतं, हे त्याला पटलं. खाली ईनोसच्या माणसांनी डबे मिटले आणि हातोड्या उचलल्या.

ऑगस्टअखेर छपरावर पत्रा चढला. आर्डिसने बहिणीकडून आणलेली वेताची खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी ठेवली. दुसरं काहीही ठेवलं नाही. सकाळची भांडी आवरली की ती वर जाई आणि दहा मिनिटांनी खाली येई. कधी पंधरा. ती खाली आल्यावर वर्लिन तिचा चेहरा निरखून पाही. काही फरक दिसत नसे. तरी त्या काळात तिने त्याला मसाल्याच्या बाटल्यांवरून एकदाही टोकलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

नोव्हेंबरात ती बायकांबरोबर गोधड्या शिवायला चर्चमध्ये गेली असताना तो एकटाच वर गेला. पायऱ्या खरोखर ठेंगण्या झाल्या होत्या. खुर्चीत बसून त्याने घड्याळ पाहिलं. बाहेर कापलेल्या मक्याची खोडं, त्यांच्यापलीकडे ते सपाट गवत. चौथ्या मिनिटाला त्याला पत्र्याचा एक स्क्रू तिरका दिसला. सहाव्या मिनिटाला तो उठला आणि रस्त्याकडच्या खिडकीशी गेला.

जेवताना त्याने सांगितलं, "मी वर जाऊन आलो आज."

"बरं. मग?"

"समोर हौगनच्या गोठ्यावर आता दुधाच्या गाडीचा नवा ड्रायव्हर येतो. गाडी मागे घ्यायला तीनदा पुढेमागे करतो."

"एवढंच दिसलं?"

"एवढंच," वर्लिन म्हणाला. तो अजूनही गोंधळलेलाच होता. "उद्या परत जाऊन बघतो. सकाळी नाही, सकाळ तुझी. दुपारी जाईन."

आर्डिसने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.