पाळण्यातून काढलेलं लुगडं

काकूंनी आधी पाळण्यातलं बाळ उचललं. मग बाळाखालचं लुगडं काढलं. दोन बोटांनी. टोक चिमटीत धरून, अंगापासून लांब. माझ्या हातात दिलं नाही. खुर्चीवर टाकलं. मग सुनेला म्हणाल्या, "मृदुला, त्याचं झबलं पण बदल गं."

ते लुगडं माझ्या आईचं होतं.

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या कम्युनिटी सेंटरचा हॉल. मृदुलाच्या मुलाचं बारसं. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच टीममध्ये, सॉफ्टवेअरवाले, म्हणून आम्हाला बोलावणं. काकू म्हणजे तिच्या सासूबाई. अख्खा जन्म इंग्लंडमध्ये काढलेल्या. इथल्या सगळ्या मराठी घरांच्या त्या काकूच.

मी माझ्या तान्ह्या मुलीला पाठीला बांधून नेलं होतं. आईच्या लुगड्याच्या अर्ध्या तुकड्यात. आमच्याकडे असंच नेतात. आई नागपूरजवळ वीटभट्टीवर विटा वाहायची. डोक्यावर विटा, पाठीवर मी. "लेकरू पाठीवर असलं का हात मोकळे राह्यते," म्हणायची.

ती गेली तेव्हा माझे दिवस भरत आले होते. डॉक्टर विमानात बसू देईना. फोनकार्ड संपेपर्यंत भावाशी बोलले आणि मग फोनमधली टूं टूं ऐकत बसले. माती नाही दिसली. तोंड नाही दिसलं. नंतर नागपूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून भावाने ते लुगडं पाठवलं. तेवढीच आई माझ्यापर्यंत पोचली.

हॉलमध्ये मुलगी भुकेने रडायला लागली. मी झोळी सोडली, तिला पाजायला घेतलं, लुगडं शेजारी ठेवलं. तिकडे पाळण्यापाशी गडबड चाललेली. पाळण्यातली गादी दुकानातली, प्लास्टिकचा चरचर आवाज करणारी. काकूंना ती चालेना. बारशाला बाळाच्या अंगाखाली जुनं, मऊ, सुती लुगडंच हवं, असा त्यांचा हट्ट. सगळ्याजणी रेशमी साड्यांत. सुती कुणाकडे असणार?

काकूंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी लुगडं उचललं, गालाला लावलं. हो, गालाला लावलं.

"अगं, केवढं मऊ गं हे! देतेस का जरा?"

मी आनंदाने दिलं. खोटं कशाला बोलू? छाती भरून आली. आईचं लुगडं एवढ्या बायकांच्या मधोमध अंथरलं जात होतं. त्यावर बाळ ठेवलं. बाळ गप्प झालं. बायका हसल्या.

"कोणाचं गं?" काकूंनी सहज विचारलं.

"आईचं. गेली ती."

"अरेरे. काय करायच्या?"

"वीटभट्टीवर होती."

"अच्छा! म्हणजे भट्टी तुमची होती?"

त्यांना खरंच तसं वाटलं. त्यांच्या ओळखीत भट्टी फक्त मालकीची असते.

"नाही काकू. ती विटा वाहायची."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, 'कर' लागलेलं. त्यामुळे इतके दिवस त्यांना अंदाज आला नव्हता.

"म्हणजे तुम्ही... नक्की कोण?"

"आम्ही बौद्ध."

"असं होय," काकू म्हणाल्या. मग घाईघाईने, "आम्ही तसलं काही मानत नाही हं. पण एवढंसं बाळ आहे. हायजीन बघायला हवं ना?"

आणि बाळ उचललं. आणि दोन बोटं.

हायजीन! इथल्या मशीनमध्ये ते लुगडं मी इतक्यांदा धुतलं होतं की आईचा वास निघून गेला होता. ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी मशीनच्या दाराशी बसून मी रडले होते.

कुणीतरी टॉवेल आणला. पाळण्यात अंथरला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या सुरू झालं. माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. जुन्या पिढीच्या आहेत." ती माझ्याच वयाची. बोलताना तिने खुर्ची थोडी सरकवली. माझ्याकडे नाही.

माझे बाबा वस्तीत जातीविरुद्धची पत्रकं वाटायचे. स्वस्त कागद, हाताला शाई लागायची. त्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. समुद्र ओलांडला की त्यातलं एकही वाक्य लागणार नाही, असं मला वाटलं होतं. त्या हॉलमध्ये सगळी लागली.

मी उठले. लुगडं झटकलं. वाकले, मुलीला पाठीवर घेतलं, फेर दिला, छातीवर गाठ मारली. गाठ पक्की बसली. पाळणा थांबला.

"काकू," मी म्हणाले, "मघाशी हे मऊ होतं. तुम्ही गालाला लावलं. आई काय करायची ते कळलं आणि घाण झालं. मधे काय सांडलं त्याच्यावर?"

"शुभकार्यात तमाशा नको गं," काकू म्हणाल्या.

मी बाहेर पडले. हॉलमध्ये सगळं ऐकत उभा असलेला नवरा मागून धावत आला. मला वाटलं, माझ्या बाजूने आला.

"भट्टी तुमची का, विचारलं ना त्यांनी? हो म्हणायचं. एक 'हो' फक्त. काय बिघडलं असतं?"

काकूंनी जे केलं त्याने मला राग आला. ह्याने मी मोडले. त्या 'हो'ने आई मालकीण झाली असती, आणि मग माझी आई कधी जन्मलीच नसती. भर पार्किंगमध्ये मी मोठ्याने रडले. तो इकडेतिकडे बघत होता, कोणी बघतंय का म्हणून.

त्याला मी ओळखते. कॉलेजच्या हॉस्टेलवर त्याचं ताट वेगळं ठेवत. तो भीतीने बोलतो, हे मला कळतं. पण त्याची भीती मी माझ्या लेकीला घालणार नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने दुकानातून बेबी स्लिंग आणलं. जाड पट्टे, बकलं, नीट डब्यात. "हे घाल. इथे सगळ्या गोऱ्या बायका हेच घालतात. कोणी काही विचारत नाही."

"विचारू दे," मी म्हणाले. "हे परत कर."

त्याने परत केलं. त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं ते झालंच. ज्या घरांतून बोलावणी यायची, ती थांबली. मला दुःख होत नाही असं नाही. परक्या देशात आपली भाषा बोलणारी माणसं तोडणं म्हणजे काय, ते तोडणाऱ्यालाच कळतं.

पण आता माझी रीत ठरली आहे. कोणी मराठी माणूस भेटला, माझ्या मुलीकडे बघून हसला, घेऊ का म्हणाला, की मी आधी जात सांगते. मग आईचं काम. मग माझं नाव. ज्याला हात मागे घ्यायचा असेल, त्याने तेव्हाच घ्यावा. माझी मुलगी त्या हातात जायच्या आधी.