समोरच्या बाजूच्या मॅडम

“आधी बसा, मग रडा,” म्हणत मॅडम खुर्ची पुढे सरकवायच्या. अपघाताच्या भरपाईचे दावे लढवणाऱ्या ऑफिसात रडणारी माणसं रोजचीच, हे तुम्हीही ओळखाल. पण त्यांचं रडून होईपर्यंत गप्प बसणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

त्या आमच्याकडे आल्या तोच मुळी धक्का होता. आयुष्यभर त्या विमा कंपन्यांच्या बाजूने लढल्या. पनवेल कोर्टात आमचे कितीतरी दावे त्यांनीच लोळवलेले. आणि एका सकाळी दारात उभ्या. “एखादं टेबल रिकामं आहे का?”

आमचे सर गडबडून उठले. “आमच्यात कशाला, मॅडम?”

“जिंकून कंटाळा आला,” त्या शांतपणे म्हणाल्या.

कोर्टात समोरचा वकील काय विचारणार, हे त्यांना पाठ. मोरा बंदरावरची एक कोळीण आली होती. उरण रस्त्यावर ट्रेलरखाली तिचा नवरा गेला होता. ती रडून शांत झाली, तशी मॅडमनी फटकन विचारलं, “नवरा प्यायला होता ना?”

मी हादरलो. कोळीण ताडकन उठली. “कंदी थेंबाला शिवला नाय तो! तुमी बगितलाव काय?”

“हे अस्संच तिथे सांगायचं,” मॅडम हसल्या. साक्षीत तिने तसंच सांगितलं.

मग शेवटच्या युक्तिवादाचा दिवस आला. मॅडम उभ्या राहिल्या. सुरुवात झकास झाली. मधेच म्हणाल्या, “मयत इसम स्वतःच बेफिकिरीने रस्ता ओलांडत होता.” मला वाटलं, समोरच्यांचा मुद्दा सांगतायत, आता खोडतील. खोडलाच नाही. उलट आणखी मुद्दे आले. आम्ही वर्षानुवर्षं ज्याला घाबरलो त्याच आवाजात त्या आमचाच दावा सोलून काढत होत्या.

“मॅडम असं काय बोलतान?” मागून कोळीण कुजबुजली.

विमा कंपनीचा वकील त्यांचाच जुना ज्युनिअर. त्याचं काम आयतंच होत होतं. पण तो घाईघाईने उठला. “साहेब, माझ्या छातीत दुखतंय. पुढची तारीख मिळावी.”

धडधडीत खोटं. न्यायाधीशांनी मॅडमकडे एकवार पाहिलं आणि तारीख दिली.

बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, “बरं झालं ना आर्ग्युमेंट?” मी फाईल पिशवीत कोंबू लागलो. त्यांनी कोळणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा रंगच उतरला. तिथेच व्हरांड्यात त्यांनी काळा कोट काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत.

पुढच्या तारखेला त्यांच्या जागी युक्तिवादाला मी उभा राहिलो. दावा मंजूर झाला. ते सांगायला कोळणीला घेऊन मी नवीन पनवेलला मॅडमच्या घरी गेलो. सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग दबक्या आवाजात मला विचारलं, “आपण कोणाच्या बाजूने होतो?”

कोळणीने त्यांचा हात हातात घेतला.

“माज्या, बाय. तुमी माज्याच बाजूनं व्हता.”

मॅडमनी डोळे मिटले.

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या.