डाव्या पायाची चप्पल

"घाल की पायात. बसती का बघ," असं दुकानदाराला म्हणत मावशी त्याच्या दुकानाच्या पायरीवर चप्पल ठेवायच्या.

एकच चप्पल. डाव्या पायाची, पुरुषी, टायरच्या तळाची, जवळजवळ कोरी. दर गुरुवारी, कारण गुरुवारी लातूरच्या त्या दुकानात 'शुगर मुळापासून बरी'चं शिबिर भरे. असल्या पाट्या तुम्हीही पाहिल्यात. क्लासवाल्यांच्या टॉपर पोरांच्या फोटोंशेजारीच लागतात.

चप्पल ठेवून मावशी समोरच्या लिंबाच्या सावलीत बसत. क्लासच्या पोरांना पोचवायच्या डब्यांची पिशवी शेजारी. दुकानदार चप्पल पायानं ढकलायचा आणि ओरडायचा, "म्हातारे, उचल ही घाण!"

"तुजीच कमाई हाय. ठिवून घे."

मी त्याच फुटपाथवर 'मधुमेहाची औषधं सोडू नका' अशी पत्रकं वाटत असे. मावशींनी एक पत्रक नीट वाचलं आणि म्हणाल्या, "लई गोड लिवतीस गं. साखर कमी कर." तेव्हापासून माझ्या पत्रकांतून 'विनम्र आवाहन' गेलं ते गेलंच.

चप्पल त्यांच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची. भूकंपात मालक घराच्या दगडी भिंतीखाली कमरेपर्यंत गाडले गेले होते. गावानं नुसत्या हातांनी दगड उपसून त्यांना काढलं. दोन्ही पाय शाबूत. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला आलेल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर निघाली. सगळी शेड म्हणाली, ही दहशतीची साखर. दहशत गेली की जाईल. त्यात अर्धं खरं होतं. धसक्यानं साखर चढते. पण मालकांचा धसका ओसरला, साखर राहिली. डॉक्टरांच्या गोळ्यांवर बरी चालली होती.

लातूरला आल्यावर हा पावडरवाला दुकानदार भेटला. त्यानं ती शेडमधली समजूतच पुडीत बांधून विकली. "भूकंपाची साखर हाय, काका. गोळ्यानं नुसती दबती. गोळ्या फेका, पुडी घ्या."

मालकांनी फेकल्या. साखरेनं पाय बधिर झाले. त्यात नवी चप्पल चावली, त्यांना कळलंसुद्धा नाही. जखम काळी पडेपर्यंत पुडी चालूच. डावा पाय गुडघ्याखालून कापला. काही महिन्यांत मालकही गेले.

"दगडानं सोडला व्हता," मावशी म्हणायच्या. "ह्यानं खाल्ला."

त्यांना नुकसानभरपाई नको होती, माफी नको होती. याच्या पुडीपायी दुसऱ्या कुणाचं औषध सुटू नये आणि याची झोप उडावी, एवढंच. मला विचाराल तर मागणी फार सौम्य होती.

मी रीतसर तक्रारी केल्या. चौकशी चालू आहे, असं कळलं. तेवढ्यात दुकानाची पाटी बदलली: 'मधुमेह उलटवा. संशोधनाने सिद्ध.' चोर अभ्यासू निघाला! संशोधन काय म्हणतं ते ऐका. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात, लवकर आणि बऱ्यापैकी वजन उतरवलं, तर काहींची साखर औषधाशिवायही ताब्यात राहते. काहींची. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि ती परत चढू शकते म्हणून तपासण्या चालूच. त्यात पुडी कुठंच नाही. आणि ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलंय, त्यांनी ते बंद केलं तर काही दिवसांत जीव जातो.

मावशींचा डबा खाणारी देगलूरची एक पोरगी तशीच होती. डॉक्टर व्हायला आलेली, लहानपणापासून इन्सुलिनवर. एका गुरुवारी ती धावत आली. "मावशी, पप्पा आत गेलेत. म्हणतात, आजपासून सुई बंद."

बाप पुडी घेऊन बाहेर आला. मावशी पायरीवरच उभ्या होत्या.

"अम्मा, वाटेतून सरका."

"लेकीची सुई बंद करायलाव म्हनं?"

"रोज टोचून घेती, अम्मा. उद्या लगीन कोण करंल हिच्याशी?"

"मेल्यावर कोण करतंय?"

शिबिराच्या रांगेतल्या माना वळल्या. मावशींनी पायरीवरची चप्पल उचलून बापाच्या हातात दिली. "ही माज्या मालकाची. त्यास्नीबी ह्यानंच सांगितलं, गोळ्या फेका म्हून. आता इचारा त्याला, पाय कुठं हाय?"

बापानं मागं वळून दुकानदाराकडं पाहिलं. दुकानदार म्हणाला, "येडी हाय ती. ध्यान देऊ नका." बापानं चप्पल परत पायरीवर ठेवली, तिच्यावर ती पुडी ठेवली आणि लेकीचा हात धरून चालू लागला. मागची रांग फुटली. मावशी सावलीत परतल्या आणि पोरांना उशीर झाला म्हणून कुरकुरल्या.

थोड्याच दिवसांत दुकानाला कुलूप लागलं. मी पेढे वाटायचं म्हटलं, तर मावशी भडकल्या. "पेढे? अक्कल हाय का? मेला न्हाई त्यो, नांदेडला गेलाय."

नांदेडची एसटी त्यांना पकडता आली नाही. अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि चप्पल माझ्या पिशवीत कोंबली. "पत्रकं वाटत बसू नको नुसती," म्हणाल्या. त्याच आजारात गेल्या.

नांदेडचं दुकान झकपक आहे. काचेचं दार, आत बाकावर माणसं. मी काही न बोलता पायरीवर चप्पल ठेवली. तो पुडी बांधत होता. चप्पल दिसली तसे त्याचे हात थांबले. मी समोरच उभी होते, पण त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. मान उंच करून तो रस्त्यापलीकडच्या सावलीत मावशींना शोधू लागला.

शोधू दे. मी रस्ता ओलांडला आणि त्या सावलीत जाऊन बसले.