वसमतच्या इंजिनाचं पिवळं फडकं

मनमाडला गाडी बदलतानाच माझं डोकं तापलं. करोडगिरीच्या (निजामी हद्दीतल्या जकातीच्या) शिपायानं माझी हत्यारांची पेटी उपसली. ही पेटी ठेवली की आगगाडीचा डबा एका अंगाला कलतो, असं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे आणि अजून कुणी मोजायला आलेलं नाही. शिपाई एकेक पाना उन्हात धरून बघत होता.

"ये क्या है?"

"दात कोरायला," मी म्हणालो. त्या उत्तरापायी पेटी दुसऱ्यांदा उपसली गेली आणि गाडी कशीबशी मिळाली.

डब्यात राग काढायला कुणी नव्हतं, म्हणून तपासणीचा कागद काढला; बिघडलेली इंजिनं तपासणं हा माझा धंदा. वसमतच्या एका जिनिंगमधलं (सरकी काढायच्या कारखान्यातलं) डिझेल इंजिन ऐन हंगामात दम टाकत होतं. त्यावरचा डायनॅमोही मंदावला होता. मालकानं पत्रात लिहिलं होतं, ड्रायव्हरनं इंजिन बिघडवलं, तसं लिहून द्या म्हणजे त्याला हाकलता येईल. दोष ड्रायव्हरचाच निघतो, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव. पूर्णा जंक्शन यायच्या आत मी लिहूनही टाकलं: 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा.' सही तेवढी राहिली.

वसमत स्टेशनवरून बैलगाडी केली. दोन्ही अंगांना छातीएवढी हळद. जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर. त्यात शिरलेला बगळा पलीकडून कावळा होऊन निघाला. मी स्वतः पाहिला.

मालक दारातच होते. जरीचा फेटा, हातात चांदीचा पानाचा डबा. "बघा साहेब, ह्या निवृत्तीनं माझ्या इंजिनाचं वाटोळं केलं. खोली खाली कर म्हणून सांगितलंय त्याला."

निवृत्ती म्हणजे ड्रायव्हर. साठीचा, इंजिनघरामागच्या खोलीत बायकोसह राहणारा. तो खाली बघत हात पुसत राहिला.

मी नोझल उघडले, व्हॉल्व्ह उघडले, तेलाची टाकी पाहिली. सगळं लख्ख! निवृत्ती इंजिनाचं तेल तीनदा गाळायचा. आमच्या घरी प्यायचं पाणी एवढं गाळत नाहीत. दोष सापडेना तसा मी त्याच्यावरच जास्त खेकसलो.

दुपारी त्याच्याच घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा, की माझ्या कानांतून इंजिनाहून काळा धूर निघाला. वाढता वाढता त्याची बायको भागाबाई नवऱ्यावर कडाडली, "सांगा की आता! तोंड काहून शिवून बसले?"

"मालकानं दसऱ्याला बांधलं," निवृत्ती हळूच म्हणाला. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, ते बी पुढल्या दसऱ्याला."

"काय बांधलं?"

"इंजिनाच्या नाकाला फडकं. नजर लागू नये म्हणून. म्या म्हणलं, मालक, त्याला हवा लागती. तर म्हणले, तू मला शिकवून राहिला?"

भाकरी टाकून मी पळालो. भिंतीकडच्या अंधारात हवा ओढायच्या नळीवर हळदीत बुडवलेलं दुहेरी मांजरपाट, कुंकवाचे ठिपके, वर उडत्या कापसाचा बोटभर थर. सकाळी पूजेची जागा समजून मी त्याला नमस्कार केला होता! असा संताप आला की इंजिन नुसतं माझ्या रागावर चालवता आलं असतं.

पण मालक सोडू देईनात. मग मी थाप ठोकली. "मुंबईच्या गिरण्यांत ह्याचा विधी असतो. मालकानं तसलंच फडकं नाकातोंडाला बांधून पाण्याच्या टाकीचा जिना चढायचा. वर पोचलात की इंजिनाचं सोडायची गरजच नाही."

मालक चढले. गाडीवान गोळा झाले. नवव्या पायरीवर मालकांचे डोळे पांढरे झाले आणि त्यांनी फडकं ओरबाडून फेकलं.

खालून निवृत्तीनं हात जोडले. "मालक, काहून सोडलं? दसऱ्याला टाइम हाय अजून."

गाडीवान असे हसले की बैल उधळले. मालकांनी खाली येऊन मुकाट्यानं गाठ सोडली. चार दणक्यांत धूर निवळला, पट्टे सळसळले, सरकी गळू लागली.

आणि हा माणूस माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "झालं ते झालं. कागदावर मात्र ड्रायव्हरच लिहा. माझी शोभा नको."

मी नवा कागद घेतला आणि गाडीवानांना ऐकू जाईल असं वाचत लिहिलं: 'मालकांनी इंजिनाचं नाक बांधलं. ड्रायव्हर निर्दोष.' एक प्रत निवृत्तीच्या हातात दिली. मालकांना सांगितलं, "ह्याची खोली खाली झाली तर मी परत येणार नाही. आणि हे इंजिन उघडणारा उभ्या निजामी मुलखात दुसरा नाही." दुसरे दहा होते. त्यांना कुठं माहीत! निवृत्तीची सामान भरायला काढलेली ट्रंक भागाबाईनं परत खाटेखाली सारली.

परतीच्या गाडीत मालकांना शिव्या घालत बसलो होतो. खिशात हात गेला तर पहिला कागद निघाला. माझंच अक्षर. मालकांनी निदान दसऱ्याची वाट पाहिली होती. मी तर पूर्णासुद्धा येऊ दिली नव्हती. चिंध्या करून खिडकीबाहेर टाकला, तरी राग गेला नाही.

मनमाडला तोच शिपाई. पेटी उघडली तर वर मी इंजिनापाशी उचललेलं ते पिवळं फडकं.

"ये क्या है?"

ह्या वेळी थट्टा सुचली नाही. "मेरी आँखों पर बँधा था," मी म्हणालो. त्यानं पेटी लावून टाकली.