डांबर संपेपर्यंत

जिथं डांबर संपून खडी सुरू व्हायची, तिथं तो सायकलवरून उतरायचा. दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडायचा, टायर चिमटीत दाबून पाहायचा आणि म्हणायचा, "हां, आता बोला."

त्याआधी बोलण्यात अर्थ नसे. डांबरी रस्त्यावर सायकल चालवताना तो एक शब्द काढत नसे. माझ्या गाडीत बोलायचा, लिफ्टमध्ये बोलायचा, शेजारून ट्रक चालला असताना फुटपाथवर उभा राहूनही बोलायचा. नियम फक्त डांबराचा आणि सायकलचा होता.

इथं आखातात, झिंजमधल्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि तो पाचव्या. पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. त्यानं सायकल मागच्या चाकावर उभी धरली होती आणि तिच्या आडून एक डोळा दिसत होता. "मराठी का जी?" त्या डोळ्यानं विचारलं. माझ्या हातातल्या मसाल्याच्या पुड्यावरून त्यानं ओळखलं होतं. चंद्रपूरकडचा होता. अस्करकडच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम करायचा. बायको आणि मुलगी नागपुरात. मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो हे कळल्यावर त्यानं मला कायमचं 'पेपरवाले' करून टाकलं.

दर शुक्रवारी उजाडताना आम्ही निघायचो. झल्लाकच्या अलीकडे गाडी लावायची, तीन किलोमीटर डांबर, आणि पुढे खजुरांच्या बागांमधून जाणारी खडीची वाट. तिथं वाहन येत नसे. पांढरट खडी, दोन्ही बाजूंना खजूर, मधूनमधून काटेरी झुडपं. तो या वाटेला 'जंगल' म्हणायचा. एकदा एक पुण्याचा तरुण इंजिनिअर आमच्यासोबत आला. डांबरावर त्यानं दोन प्रश्न विचारले आणि शेवटी वैतागून म्हणाला, "काका, मौनव्रत आहे का तुमचं?" खडी आली. हवा सोडून झाली. मग उत्तरं आली, प्रश्न विचारले होते त्याच क्रमानं.

"पहिला प्रश्न, चहा घेतला का. घेतला. दुसरा, कालची शिफ्ट कशी झाली. लंबी झाली. तिसरा, मौन आहे का. मौन नाही जी, वेटिंग आहे."

इंजिनिअर हसला. पुढच्या शुक्रवारी आला नाही.

तुम्ही माणसं न्याहाळत असाल तर तुम्हाला माहीत असेल, सवयीमागचं कारण विचारायची एक वेळ असते आणि ती बहुधा आपण ठरवत नाही. मी विचारलं नाही. इतर गोष्टी मात्र नोंदवत होतो. खडीवर मी त्याच्या उजवीकडे असायचो, तरी तो बोलताना बरेचदा डावीकडे पाहायचा. एका वळणावर, जिथं वाट अरुंद होते, तो दर वेळी वेग कमी करायचा, कोणाला तरी पुढे जाऊ द्यावं तसा, आणि मगच वळायचा. आणि झाडांची नावं चुकीची सांगायचा. चार खजुरांकडे हात करून म्हणायचा, "हा मोह. इथून ऐन लागतात. मग नाला. नाल्यात गिट्टी सुटी आहे, सांभाळा."

तिथं नाला नव्हता. मी सांभाळायचो.

तो मनात कुठल्या वाटेवर सायकल चालवतो आहे हे त्यानं हळूहळू सांगितलं. त्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत जंगलातून एक रस्ता होता. वनखात्यानं लाकडं काढायला केलेला, लाल मुरमाचा. तोड बंद झाली तेव्हा फाटकाला कुलूप लागलं. मोटार गेली नाही की ट्रक गेला नाही; सायकल तेवढी फाटकाच्या बाजूनं काढता यायची. तो आणि त्याचा धाकटा भाऊ त्याच रस्त्यानं शाळेत गेले. "शाळेत पोचेपर्यंत दोघंही लाल," तो म्हणायचा. "मास्तर विचारायचे, होळी आहे का रे आज?" या भावाबद्दल तो नेहमी भूतकाळात बोलायचा. नाव घेत नसे, 'लहाना' म्हणायचा.

नियम मी मोडला, आणि चुकून मोडला. फेब्रुवारीतला शुक्रवार होता, वारा सुटला होता. डांबरावर तो पुढे, मी मागे. त्याची पाण्याची बाटली निसटून रस्त्यावर पडली आणि मी मागून ओरडलो, "अहो, बाटली पडली!"

त्यानं मान वळवली. सायकल हातभर रस्त्याच्या मध्याकडे गेली. त्याच क्षणी मागून आलेली पिकअप हॉर्न वाजवत त्याला जवळजवळ घासून निघून गेली. त्याला काही झालं नाही. तो उतरला, सायकल आडवी टाकली आणि कडेच्या वाळूत बसला.  मी माफी मागितली.  पाच-सात मिनिटांनी तो उठला आणि सायकल हातात धरून खडीपर्यंत चालत गेला. मी मागून चाललो. खडीवर पोचल्यावर तो खाली बसला. त्या दिवशी त्यानं हवा सोडली नाही.

"तुमच्यासारखंच मीही ओरडलो होतो," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते इथं आहे तसं देतो. तो बावीसचा होता, लहाना एकोणीसचा. तालुक्याला आखाती देशातल्या नोकरीसाठी मुलाखत होती. लहाना सोबत निघाला, कारण पुढे नागपूरला जावं लागलं तर याचीही सायकल परत न्यायला कोणी हवं होतं. निघताना मायनं दारात सांगितलं, "जंगलानंच जा रे." लहाना जंगलाकडेच वळला होता. यानं त्याला परत बोलावलं. अंगात पांढरा शर्ट होता, मुरमानं लाल झाला असता. दोघं डांबरी रस्त्याला लागले. लहाना पुढे, हा मागे. प्रमाणपत्रांची फाइल लहान्याच्या कॅरिअरला होती की घरीच राहिली, अशी शंका याला अचानक आली. यानं मागून हाक मारली, "फाइल घेतली का रे?"

लहान्यानं मान वळवली आणि "हो" म्हणाला. समोरून ट्रक येत होता.

"फाइलीले काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "त्याच फाइलीवर मी इथं आलो."

 त्याला आणखी काही सांगायचं होतं. त्या संध्याकाळी, घरी माणसं भरलेली असताना, मायनं याला दारात उभं करून विचारलं होतं, "जंगलानं जा म्हटलं होतं ना तुमाले?" आणि हा म्हणाला होता, "त्यानं ऐकलं नाही."

एवढंच. पुढची बावीस वर्षं मायनं धाकट्या मुलाचं नाव घेतलं नव्हतं. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली याच्या वडिलांचा फोटो होता. लहान्याचा तिनं लावू दिला नाही. कोणी विषय काढला तर म्हणायची, "ज्यानं माझं ऐकलं नाही त्याचं मले काही सांगू नका." याला बघून मात्र तिचा चेहरा उजळायचा. हा ऐकणारा मुलगा होता.

"मेलेल्या पोरावर रुसून बसली जी ती. माझ्यामुळं. आता पंच्याहत्तरच्या पुढं आहे. एक डोळा गेला. किती दिवस आहेत तिच्याकडं?"

वाऱ्यानं खजुरांच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. त्यानं विचारलं, "पेपरवाले, चुकीची बातमी छापली तर तुम्ही काय करता?"

"दुरुस्ती छापतो."

"कुठं?"

"खरं तर त्याच पानावर, त्याच जागी छापली पाहिजे. बहुतेक आत कुठंतरी, बारीक अक्षरात छापतात."

"किती दिवसांत?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग मी जरा लेट झालो," तो म्हणाला.

तो हसत नव्हता. त्यानं मला मत विचारलं नाही. खरं सांगून एका म्हातारीचा जिवंत मुलगा तिच्यापासून काढून घ्यावा का? न सांगता मेलेला तसाच दूर ठेवावा का? अशा प्रश्नांवर आम्ही संपादकांकडे बोट दाखवायचो.

मार्चमध्ये त्यानं पंधरा दिवसांची लीव्ह घेतली. विमानतळावर मीच सोडलं. हातात एक छोटी बॅग होती. "सांगणार आहात?" मी विचारलं. "इंशाल्ला," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही, तसं नाही. सांगणारच आहे."

पंधरा दिवस संपले. तो आला नाही. पाचव्या मजल्यावरचा त्याच्या खोलीतला सोबती म्हणाला, कंपनीत राजीनामा आलाय, खोलीतलं सामान कोणाला तरी द्या म्हणालाय. मी फोन केला, उचलला नाही. आणखी आठवड्यानं त्याचा आवाजी संदेश आला. तो मी अनेकदा ऐकला आहे.

"पेपरवाले, जय भीम. सांगितलं. दारात उभं राहून सांगितलं, सगळं, शर्टापासून.  ती भिंत धरून आत गेली. पेटीतून त्याचा फोटो काढला, पदरानं पुसला. तेव्हापासून माझ्याशी बोलून नाही राहिली. ताट वाढते, पण बोलत नाही. त्याच्याशी बोलते, जी. सकाळपासून. बावीस वर्षांचं राहिलं आहे ना. मी वापस येत नाही. तिच्याजवळ कोणीतरी पाहिजे."

इथं तो थांबला आहे, पण संदेश संपत नाही. बटण दाबायचं राहिलं असावं. मागे भांड्यांचा आवाज येतो आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा. ती एक नाव घेते. ते नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं आणि इथंही लिहीत नाही. नाव घेऊन ती विचारते, "पोटभर जेवला ना रे?"

मग ती थांबते. उत्तर ऐकायला माणूस जेवढा थांबतो, तेवढीच.

"बरं," ती म्हणते.