काकांच्या नावाखाली

छावणी भागातल्या वधूवर केंद्राचे काका नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. "वर की खाली?" असं विचारत. त्यांच्या संगणकावर वरच्या फॉर्ममध्ये पालक असत आणि त्याखालच्या सबफॉर्ममध्ये त्या पालकांची लग्नाची मुलं. निवृत्तीनंतर क्लासला जाऊन ही जोडणी काकांनी स्वतः केली होती. तेव्हापासून त्यांना सगळा समाज या दोन चौकोनांतच दिसे. एखादा पस्तिशीचा इंजिनीअर प्रत्येक उत्तराआधी आईकडे बघू लागला की काका हळूच म्हणत, "सबफॉर्म आहे. वरून हलवल्याशिवाय हलायचा नाही."

सुरुवातीला त्यांनी पालक आणि मुलं आडनावावरून जोडली होती. करमाडच्या जाधवांची नोंद उघडली, तर खाली जिल्ह्यातल्या यच्चयावत जाधवांच्या मुली. जाधव बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "घरी एकच हाय, सायेब. इथं लईच निघाल्या. बायकोला नका सांगू." त्यानंतर काकांनी प्रत्येक पालकाला क्रमांक दिला आणि जोडणी त्यावर केली. आडनावानं कुणी कुणाचं होत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. आडनाव पाहूनच स्थळ उघडणारी मंडळी त्यावर माना डोलवत.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. वर पालक नसेल तर खाली नोंद व्हायची नाही. शिफारशी घेऊन आलेल्यांनाही त्यांनी परत पाठवलं होतं.

मी केंद्रात नाव नोंदवायला गेले तेव्हा माझा घटस्फोट झालेला होता, आईवडील राहिले नव्हते, आणि आमच्या नावाखाली नको, असं भावानं स्वच्छ कळवलं होतं. मला पुन्हा संसार हवा होता, एवढंच. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी तोडगा काढला: पालकाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहा.

"लागू नाही हा कुणाचा बाप नसतो," काका म्हणाले.

त्यांनी वर नवी नोंद उघडली आणि स्वतःचं नाव घातलं. नात्याच्या यादीतून 'काका' निवडलं. "सगळं गाव मला फुकटच काका म्हणतं. एकदा नोंद तर होऊ दे."

स्थळं आली. हे काका सख्खे का, हा पहिला प्रश्न असे. उत्तर ऐकून ती जात. मी मात्र तिथंच टायपिंगला राहिले. मग खुलताबादची एक विधवा आली, पाठोपाठ अनाथाश्रमातली एक मुलगी. कुणाला वर कुणी नसलं की काका आपला क्रमांक सांगत. लग्न न केलेल्या माणसाच्या एवढ्या मुली बघून सचिव हसत. काका जाधवांचंच वाक्य म्हणत, "बायकोला नका सांगू."

गेल्या महिन्यात काका गेले. मृत पालकांच्या नोंदी काढून टाकायच्या, हा नियमही त्यांचाच. सचिवांनी आठवण करून दिली, तशी मी त्यांची नोंद निवडली. संगणकानं विचारलं: हिच्याखाली जोडलेल्या सगळ्या नोंदीही पुसल्या जातील. पुढे जायचं?

मी 'नाही' दाबलं. सचिवांना म्हटलं, पालक हयात आहेत.